गप्पी, जिताडा आणि सात कोंबड्या

"रविवारी हेमाली बालंतपनाला येतेय. शनवारपतूर एकतर मच्छर जातील, न्हायतर तुमच्या कोंबऱ्या जातील," सगुणाबाईंनी चहाचा कप नवऱ्याच्या पुढ्यात आपटून जाहीर केलं. "कालूला सांगून ठेवलाय. तो टेम्पो घेऊन येतोय."

काळूराम हा सगुणाबाईंचा धाकटा भाऊ, राहायला पोयनाडला. कोंबडी हा प्राणी त्याने आजवर रश्श्यात असतानाच काय तो नीट न्याहाळला होता. "सांभालतो ना मी त्यांना, दाजी," असं तो फोनवर इतक्या प्रेमाने म्हणाला की चांगदेवांनी उठून आधी कोंबड्या मोजल्या.

पंचवीस वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवून चांगदेव कायमचे गावी आले, तेव्हा दिवस खायला उठायचा. मग त्यांनी परसात खुराडं बांधलं आणि सात कोंबड्या आणल्या. त्यातली तांबूस केसर तर हाक मारली की पायाशी येऊन बसे. घरात हाकेला ओ देणारं दुसरं कुणी नव्हतं. सगुणाबाईंच्या लेखी मात्र त्या सगळ्या नुसत्या 'त्या' होत्या. 'त्या ओट्यावर आल्या, त्यांनी घाण केली' एवढाच त्यांचा उल्लेख होई.

डास होते, हे चांगदेवांनाही कबूल होतं. दिवस कलला की खुराड्यापाशी उभं राहवत नसे. खुराड्याच्या मागच्या जाळीवर सगुणाबाईंनी हौसेने चढवलेल्या मनीप्लांटच्या दाट पानांतून तर नुसता गुणगुणाट ऐकू येई. लेकीचं पहिलं बाळंतपण, त्यात गावात डेंग्यूचे दोन पेशंट. वाद घालायला तोंडच नव्हतं.

सोमवारी त्यांनी धूर केला. नारळाची सोडणं, त्यावर कडुलिंबाचा ओला पाला. धूर झकास झाला, पण खाडीवरून वारा सुटला आणि सगळा धूर स्वयंपाकघरात शिरला. पाठोपाठ डासही शिरले. कोंबड्या मात्र उलट्या दिशेने पळाल्या आणि शेजारच्या मनुबाईंच्या देवघरात जाऊन बसल्या.

"अरे चांगदेवा, तुज्या कोंबऱ्या माज्या देवापुरं बसल्यान!" मनुबाई कुंपणावरून ओरडल्या.

"बसू दे गो, मनुबाय. नवस बोलत असतील," चांगदेव डोळे पुसत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी धुराचंच होतं असं काही सांगता येत नाही.

बुधवारी ते उपकेंद्रात गेले. तिथल्या आरोग्यसेविका सोनलताईंनी त्यांना पिशवीभर गप्पी मासे दिले.

"साठलेल्या पाण्यात सोडा काका. डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. मी शनिवारी बघायला येते."

चांगदेव हरखून घरी आले. साठलेलं पाणी म्हणजे काय, याचा त्यांनी फारसा विचार केला नाही. कोंबड्यांच्या पाण्याचं पसरट घमेलं समोरच होतं. त्यात त्यांनी निम्मे मासे ओतले आणि समाधानाने मागे सरकले. केसर पुढे झाली. तिने मान वाकडी करून पाण्यात पाहिलं, मग चांगदेवांकडे कृतज्ञतेने पाहिलं, आणि टिपायला सुरुवात केली. बाकीच्या सहाजणी धावत आल्या. दोन मिनिटांत घमेल्यात फक्त पाणी उरलं, तेही थोडंच.

"मासे सोरले का?" आतून विचारणा झाली.

"सोरले," चांगदेव म्हणाले. ते खोटं नव्हतं.

उरलेले मासे त्यांनी मोरीमागच्या सिमेंटच्या टाकीत सोडले. तिथे कोंबड्यांची चोच पोचत नव्हती. इथेच थांबले असते तर ठीक होतं. पण चांगदेव खारेपाटातले. या मुलखातल्या माणसाला घरामागच्या तळ्यात जिताडा पोसता आला नाही तर त्याला कुणी माणसात धरत नाही, आणि मासा म्हटला की त्याला दुसरं काही आठवतही नाही. एवढ्याशा गप्पीवर लेकीच्या बाळंतपणाची भिस्त ठेवायची, हे त्यांच्या मनाला पटेना. गुरुवारी त्यांनी तळ्यातला वीतभर जिताडा जाळ्यात धरला आणि कुमक म्हणून टाकीत सोडला.

"जिताडा मच्छर खातो?" सगुणाबाईंनी विचारलं.

"जिताडा काय खात न्हाय ते सांग!"

यात मात्र तसूभरही अतिशयोक्ती नव्हती.

शनिवारी चार वाजता सोनलताई बॅटरी घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग काळूरामचा टेम्पोही दाराशी लागला. काळूरामने येताना भलीमोठी टोपली आणली होती. "घरी वाटन तयार हाय," तो बहिणीला बोलून गेला, आणि मग एकदम जीभ चावून आभाळाकडे बघू लागला.

सोनलताई टाकीत डोकावल्या. "काका, गप्पी कुठे गेले?"

"पोटात," चांगदेव खालच्या मानेने म्हणाले.

"कुणाच्या?"

"निम्मे कोंबऱ्यांच्या. निम्मे ह्या जिताड्याच्या."

सोनलताईंनी कपाळावर हात मारला. पण टाकीत अळ्या नव्हत्या. खुराडंही त्यांनी वाकून वाकून पाहिलं. कोरडं ठणठणीत. घमेल्यातलं पाणी चांगदेव दिवसातून दोनदा बदलत होते.

"इथं तर काहीच नाही. मग डास येतात कुठून?" असं म्हणत त्यांनी मागच्या जाळीवरची मनीप्लांटची पानं बाजूला केली. पानांआड तोंड कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने टांगल्या होत्या, प्रत्येकीत पाण्यात एकेक वेल. त्यांनी एकीत बॅटरी मारली. पाणी वळवळत होतं. दुसरीत तेच, तिसरीत तेच. अशा अठरा बाटल्या निघाल्या.

"काकू, पाणी कधी बदललं होतं?"

"त्याला पानी बदलायचा असतो?" सगुणाबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

सोनलताईंनी बाटल्या जमिनीवर उपड्या केल्या. पाणी पडायचा अवकाश, केसर सगळ्यांना घेऊन धावली. मातीवर वळवळणारी एकेक अळी सातजणींनी वेचून वेचून खाल्ली.

"बघा!" सोनलताई हसत म्हणाल्या. "माझ्या गप्पींपेक्षा ह्याच बऱ्या."

चांगदेवांनी तिथल्याच दगडावर बसून केसरला मांडीवर घेतलं.

टोपली घेऊन उभ्या असलेल्या काळूरामकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी सगुणाबाईंनीच ती त्याच्या हातातून घेतली, अठरा वेल तीत भरले आणि परत त्याच्या हातात दिली. "घरी नेऊन मातीत लाव."

"ताय, याला वाटन कसा लावू?"

चांगदेवांना त्याची दया आली. त्यांनी टाकीतला जिताडा काढून वेलांवर ठेवला. "ने रे. गप्पी खाऊन धष्टपुष्ट झालाय."

त्या संध्याकाळी परसात बसून दोघांनी चहा घेतला, आणि दोघांना मिळून दोनदाच काय ती अंगावर चापट मारावी लागली.

रविवारी हेमाली रिक्षातून सावकाश उतरली. सगुणाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. हेमालीने कौतुकाने पिशवीतून काचेच्या दोन सुबक बाटल्या काढल्या. दोन्हींत पाणी होतं आणि हिरवेगार वेल.

"आई, तुला आवरतात ना? म्हैनाभर खिरकीत वारवले, खास तुज्यासाठी."

सगुणाबाईंनी बाटली उजेडात धरून निरखली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अवो, केसरला सोरा जरा."