सातवं लेबल

“खळीचं खरंखोटं बोटाला विचार, बाळा. बोट कुणाची भीड धरत नाही.” आई लोकांच्या कॉलरांना खळ घालायची. पातेल्याच्या वाफेआडून आलेला तो आवाज स्टार्चतज्ज्ञाच्या कानात अजून होता. बोटं मात्र आता सहीपुरतीच उरली होती.

पाकिटांच्या डिंकासाठी बटाट्याच्या सात वाणांतून सर्वोत्तम स्टार्च निवडायचं काम त्याच्याकडे होतं. गुणतक्ता त्यानेच आखला: शुभ्रता चाळीस, चकाकी तीस, कणांचा रेशमीपणा पंचवीस. उरलेले पाच चिकटपणाला. सोनसाल हा वाण पहिला आला. मळकट, खडबडीत खरबऱ्या शेवटचा. अहवालाच्या चारही प्रतींवर सह्या झाल्या. तो मंजूर झाला की विभागप्रमुखाची खुर्ची त्याचीच होती.

प्रयोगशाळेचा रिवाज असा, की प्रत्येक बरणीचं लेबल तिच्यातल्याच स्टार्चच्या खळीने चिकटवायचं. अहवाल मंजूर करणारी समिती यायची त्या सकाळी तो आला, तर सहा लेबलं फरशीवर वाळल्या पानांसारखी पडलेली. सातवं तेवढं बरणीला बिलगून होतं, लेकरू आईला बिलगतं तसं. नाव वाचलं: खरबऱ्या.

तुम्हीआम्ही जे केलं असतं, तेच त्याने केलं. सहा लेबलं चिकटपट्टीने लावली. मग एकरूपता राहावी म्हणून सातवं नखाने खरवडायला घेतलं. नख तुटलं, तेव्हा सुरी आणली.

झाडलोट करणाऱ्या मावशी दारातच थबकल्या. “साहेब, पडली ती लावताय ठीक. पण चिकटलंय ते कशाला काढताय?”

“अपवाद आहे तो, मावशी.”

समितीने शुभ्रतेची वाहवा केली आणि अहवाल मंजूर झाला.

सात महिन्यांनी मुख्य कार्यालयाचं पाकीट आलं. नवंकोरं, पांढरंशुभ्र, सोनसालच्या डिंकाचं. बढतीचं पत्र! त्याने पोचवहीत झोकात सही ठोकली आणि पाकीट हातात घेतलं. ते आ वासून होतं. आत काहीच नव्हतं.

त्याने फोन लावला. पलीकडचा लिपिक अगदी शांत होता. “पोचवहीत सही केलीत ना? म्हणजे पत्र मिळालं. आठ दिवसांत रुजू व्हा, नाहीतर पद पुढच्याला जाईल.”

“अहो, पत्राशिवाय रुजू कसा होऊ?”

“दुसरी प्रत मिळेल की. पाकीट कशामुळे उघडलं, एवढं तज्ज्ञाकडून लेखी आणा.”

“तज्ज्ञ कोण?”

“थांबा, यादी बघतो. ...तुमचं एकट्याचंच नाव आहे.”

त्याने कागद ओढला. ‘दमट हवा’ लिहिलं, खोडलं. ‘टपालातील धसमुसळेपणा’ लिहिलं, तेही खोडलं.

मावशींनी एक रिकामी बरणी टेबलावर आणून ठेवली. तिच्या काचेवर नखाएवढा कागद अजून होता. “सात महिने घासतेय, साहेब. हा तुमचा अपवाद काही जात नाही.”

त्याने त्या कपट्यावर बोट ठेवलं. किती वर्षांनी ठेवलं, देव जाणे. कपटा हलला नाही.

“मावशी,” तो म्हणाला, “मला त्याच सकाळी कळलं होतं.”