याकोब आबांचं वेळापत्रक

आमच्या शेजारचे याकोब आबा एक दिवस अचानक नाहीसे होणार आहेत. त्यानंतर त्यांच्या शेळीला पाला कोणी घालायचा तेही ठरलंय. मी घालायचा. घराची एक चावी त्यांनी माझ्याकडे देऊन ठेवलीय, आणि शेळीला मेथीचे देठ चालतात, कोबी चालत नाही, हे दोनदा समजावून सांगितलंय.

"म्हणजे मी इथंच राहणार हे नक्की?" मी विचारलं.

"तुझं मागच्या गाडीत बघू," आबा म्हणाले. मागच्या गाडीला फार हाल असतात, हेही वर प्रेमानं सांगितलं.

आबा धुळ्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर साक्री, पिंपळनेर, नवापूरच्या गाड्या फलाटाला लावल्या. निवृत्त झाल्यावर बाहेरगावचे एक प्रचारक भेटले नि त्यांनी आबांना सात युगांचा तक्ता दिला. देवानं जगाचे सात काळ पाडलेत, आपण सहाव्याच्या टोकाला उभे आहोत, आता येशू ख्रिस्त ढगात येणार आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना जिवंतपणीच वर उचलून नेणार. उरलेल्यांच्या नशिबी महासंकट. आबांना हे लगेच पटलं. वेळापत्रक म्हटलं की त्यांचा विश्वास बसतोच. बैठकीत बायबलच्या वचनाच्या पाटीच्या जागी तक्त्याचा फ्लेक्स लागला. दूर कुठं युद्ध पेटलं की आबा त्यावर बोट ठेवून अहिराणीत म्हणतात, "गाडी लागेल शे," म्हणजे फलाटाला लागलीय. युद्ध थांबलं की म्हणतात, गाडी लेट आहे, रद्द नाही.

मला त्या तक्त्याचा राग येतो, सांगून टाकतो. न्हाणीघराचा नळ गळतोय, मी हार्डवेअरवाला, वॉशर फुकट बसवून देतो म्हटलं, तर म्हणे आता कशाला. अंगणात लिंबू लावू दिलं नाही. त्यांचे पास्टरसुद्धा वैतागलेत. ती वेळ कोणालाच माहीत नाही असं येशूच सांगून गेला, आणि हा तक्ता परदेशात दीड-दोनशे वर्षांपूर्वी तयार झाला, त्याआधीचे लोक त्याच्यावाचून भक्ती करतच होते, असं त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. आबांचं उत्तर ठरलेलं: "बठ्ठं लिखेल शे," सगळं लिहिलेलंच आहे.

एकदा आबांच्या पत्नी शांताअक्कांनी विचारलं, "माझी माय या तक्त्यात कुठं?" अक्कांची आई मरेपर्यंत आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची भक्त होती. आबांनी बराच वेळ फ्लेक्स न्याहाळला आणि शेळीला पाणी दाखवायला निघून गेले.

अक्का स्वतः चर्चला जातात, आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली की गाणी म्हणायलाही येतात. त्यांच्याइतकी गाणी आमच्या घरात कोणाला येत नाहीत. यावरून आबा त्यांना कितीदा तरी म्हणाले असतील, तू मागे राहशील. अक्का म्हणायच्या, राहीन की, कोणीतरी दार लावायला नको का?

यंदाच्या उन्हाळ्यात मी दुपारी दुकानातून जेवायला आलो, तर आमच्या दारात आबा. तोंड उतरलेलं.

"तू आहेस?"

"आहे."

"तू असणारच," ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

अक्का त्यांच्या घरात नव्हत्या. चपला दारात, मोबाईल चार्जिंगला, चहा कपात तसाच. आबांनी पास्टरांना फोन लावला तर बंद. (ते नरडाण्याला प्रार्थनासभेत होते, हे नंतर कळलं.) चर्चमधलं दुसरं एक कुटुंब पलीकडच्या गल्लीत राहतं, त्यांच्या दाराला कुलूप. आबांच्या मते निकाल लागला होता. गाडी येऊन गेली. इतकी वर्षं फलाटावर उभा असलेला माणूस राहिला आणि कानबाईची गाणी म्हणणारी बाई गेली. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता आबा ‘माझं काय चुकलं’ म्हणून डोकं धरून बसणार.

"ती गयी. मी ऱ्हायनू," आबा म्हणाले. हातात अक्कांचा चष्मा होता, तो सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. "याच्याशिवाय तिला उंबरा दिसत नाही. तिथं लागत नसेल."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"बरं झालं रे. मला एकच घोर होता. मी वर गेलो तर हिला इन्सुलिनची सुई कोण टोचणार? तिला आकडे दिसत नाहीत, अन् दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तेवढ्यासाठी रोज म्हणायचो, प्रभू, थोडा थांब."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं या माणसाला वर जायची घाई झालीय असं मी समजत होतो.

तेवढ्यात आमच्याच गच्चीवरून अक्कांचा आवाज आला. माझी बायको त्यांना ज्वारीचे बिबडे घालायला हाताला धरून मागच्या दारानं घेऊन गेली होती. पापडाच्या कामाला चपला चालत नाहीत, आणि गरम पिठाच्या वाफेनं काचा धुरकटतात म्हणून चष्मा घरीच ठेवलेला. अक्का जिना चाचपत खाली आल्या. मनगटापर्यंत पीठ, उन्हानं चेहरा लाल.

"काय झालं? असे का बसलात?"

आबा उठले. अक्कांचे दोन्ही हात भरलेले, म्हणून आबांनीच चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, दोन्ही काड्या कानांमागं नीट अडकवल्या. गाडीचं, तक्त्याचं काही बोलले नाहीत.

"सांगून जात जा," एवढंच म्हणाले.