पडद्याआडची व्युत्पत्ती

अकराच्या मुलाखतीला अर्धा तास उरला होता आणि उपसंपादक शिंप्याच्या दुकानात पडद्याआड टॉवेल गुंडाळून उभे होते. बसमधून उतरताना त्यांची पँट मागून टरकन उसवली होती. टॉवेल दुकानातलाच, तोंड पुसायचा. शब्दकोशाच्या कार्यालयात त्यांची वीस वर्षं गेली होती. या काळात हाताखालची दोन माणसं त्यांच्या नाकावर टिच्चून मुख्य संपादक झाली. पुढच्या वर्षी निवृत्ती, म्हणजे आजची संधी शेवटचीच. डोकं सकाळपासून तापलेलं, त्यात हे झेंगट.

"बिनघोर राहा साहेब," पलीकडून मास्तर म्हणाले. मशीन खडखडत होतं. "तीन पिढ्या आम्ही पँटच शिवतोय. आजोबा सांगायचे, साहेबलोकांची पहिली पँट इतकी तंग होती, की चालताना धाप लागायची. आणि धाप लागण्याला इंग्रजीत म्हणतात पँट. म्हणून हिचं नाव पँट!"

आता इथे नुसतं 'हो का' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण जन्मभर दुसऱ्याच्या चुकांखाली लाल रेघा मारलेल्या माणसाला तेवढं कुठून सुचणार!

"साफ चूक!" उपसंपादक गरजले. "तो पँटलूनचा तुकडा आहे. जुन्या इटालियन नाटकांत एक कंजूष, चक्रम म्हातारा असायचा. लोक त्याला खदाखदा हसायचे. त्याच्या नावावरून हे नाव पडलं."

मशीन थांबलं.

"म्हणजे माझे आजोबा खोटं बोलायचे?"

"खोटं नाही हो, अडाणीपणा!"

"अडाणी?" मास्तरांचा आवाज चढला. "आणि आम्ही तीन पिढ्या एका चक्रम म्हाताऱ्याची विजार शिवतोय?"

"त्याला मी काय करू? कोशात बघा!"

"मग कोशच गुंडाळा नि जा मुलाखतीला!"

कोपऱ्यात काजं करत बसलेली मास्तरांची बहीण म्हणाली, "दादा, जाऊ दे ना. त्यांना उशीर होतोय."

"होऊ दे! वर आजोबांचा फोटो आहे. त्यांच्या देखत मी एक टाका घालणार नाही. आधी शब्द मागे घ्या म्हणावं."

उपसंपादकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर जाऊन पँट हिसकावून घ्यावी म्हणून त्यांनी पडदा सारला. समोरच्या बसथांब्यावरची रांग त्यांच्याकडे टक लावून बघू लागली. पडदा परत जागेवर आला. तेवढ्यात बायकोचा फोन.

"पोचलात?"

"कसला पोचतोय! एका गाढवाशी गाठ पडलीय," म्हणून त्यांनी दातओठ खात सगळं सांगितलं.

"अहो, मग हो म्हणा आणि सुटा."

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"मागच्या दोन्ही मुलाखतींत साहेबांच्या चुका काढल्यात, आणि तत्त्वच घेऊन घरी आलात. ते ठेवायला आता कपाटात जागा नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला.

उपसंपादकांनी घड्याळ पाहिलं. "मास्तर, धापेवरूनच."

"मोठ्याने. आजोबांना ऐकू जाऊ दे."

"तुमच्या आजोबांचंच बरोबर!" ते किंचाळले. वीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं.

बाहेर सुईदोरा चालला आणि थोड्या वेळाने पँट पडद्यावरून आत आली. "घालून बघा, आणि मग..." मास्तर सांगत होते. ऐकतो कोण? दहा चाळीस झाले होते. पँट चढवून, टेबलावर पैसे आपटून उपसंपादक रस्त्यावर आले, तेव्हा इतका वेळ कोंडलेला संताप उसळून वर आला. ते गर्रकन वळले.

"इटालियन नाटक!" ते ओरडले. "चक्रम म्हातारा! आणि तुमचे आजोबा सपशेल चुकले होते!"

काय हलकं वाटलं म्हणून सांगू! मास्तर मात्र या खेपेला चिडले नाहीत. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी शांतपणे त्यांच्या पँटवरून नजर फिरवली.

"असतील चुकले. पण मागे नुसता कच्चा दोरा आहे, साहेब. घालून बघा, मग पक्की शिवण मारतो, असं सांगत होतो. खाली बसलात की गेली."

उपसंपादक मुकाट्याने दुकानात शिरले, पडद्याआड गेले आणि हात लांब करून पँट बाहेर दिली.

मास्तरांनी ती मशीनवर नीट पसरली. पाय पायट्यावर ठेवला, पण दाबला नाही.

"हं, कुठून आला म्हणालात शब्द?"

"तुम्ही म्हणाल तिथून," आतून आवाज आला, "पण लवकर म्हणा."