हलकं ड्रेसिंग

बाहेरचं खाऊनही माणूस तब्येत राखू शकतो, फक्त त्याला मोजता आलं पाहिजे, असं मिलीताईंनी ऑफिसात जाहीर केलं आणि पुराव्यादाखल रोज भरायचा तीन आठवड्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवला.

मिलीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणी तपासणी खात्यात नमुने गोळा करता करता त्या चहासुद्धा 'ऐंशी मिली पुरे' असा सांगायच्या, म्हणून हे नाव पडलं. अठरा वर्षांत त्यांचा एकही नमुना चुकला नव्हता. हे त्या स्वतःहून सांगत नसत. पण दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, तर मात्र सांगत.

काम दिवसभर जीपमधून फिरण्याचं. दुपारचं जेवण रस्त्याकडेच्या बर्गरच्या दुकानात. ड्रायव्हरकाका चीज बर्गर आणि लहान फ्राइज घेत. मिलीताई सॅलड घेत आणि काकांच्या फ्राइजकडे पाहून न विचारता माहिती देत.

"काका, त्या पाकिटात तेरा ग्रॅम तेल आहे. मागे छापलंय."

"म्हणून तर मी पाकीट उलटं करत नाही," काका म्हणत.

सॅलडवर मिलीताई 'हलकं ड्रेसिंग' घेत. दुकानाच्या फलकावर त्या शब्दांशेजारी हिरवं पान काढलेलं होतं, तेव्हा वहीत त्या ड्रेसिंगपुढे शून्य लिहीत. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच, म्हणून रोज साठ मिली. दोन आठवडे झाले. वजन सव्वा किलो वाढलं. मिलीताईंनी वजनकाट्यावर संशय घेतला.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी त्यांनी टाकी क्रमांक चारचं पाणी बाटलीत भरलं. या टाकीतून एका वसाहतीच्या चारशे घरांना पाणी जातं, आणि त्यांतल्या एका घरात मिलीताईंच्या सासूबाई राहतात. नमुन्याच्या बाटल्या तपकिरी काचेच्या असतात, आत उजेड जाऊ नये म्हणून. त्यामुळे आत काय आहे तेही दिसत नाही. ओल्या काचेवर लेबल चिकटत नाही, म्हणून बाटली वाळत ठेवून त्या जेवायला बसल्या.

त्या दिवशी दुकानदारीणबाईंनी ड्रेसिंग जरा सढळ हाताने दिलं. उरलेलं टाकवेना. मिलीताईंनी एक निर्जंतुक, कोरी बाटली काढली, त्यात ते ओतलं आणि उद्यासाठी बर्फाच्या पेटीत ठेवायला घेतलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"सूनबाई, जेवलीस का?"

"हो आई. सॅलड."

"म्हणजे नाहीच," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी उपाशीपोटी काम करण्याचे तोटे सांगितले. मिलीताई मान डोलावत होत्या, हुंकार देत होत्या आणि मोकळ्या हाताने टाकी चारच्या नमुन्याचा आकडा लिहिलेलं लेबल चिकटवत होत्या. अर्थात, कोरड्या बाटलीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच टेबलावर मिलीताईंनी घरच्या फ्रिजमधून आणलेली बाटली उघडली आणि सॅलडवर ओतली. सॅलड स्वच्छ धुतलं गेलं. काकडीची एक चकती तरंगत ताटलीच्या कडेला आली.

"आज फारच हलकं घेतलंत," काका म्हणाले.

मिलीताईंनी वास घेतला. वास नव्हता. चव घेतली. चव नव्हती. रंगहीन, गंधहीन, चवहीन. त्याच क्षणी फोन वाजला.

"मॅडम, कुठे आहात?" साहेब विचारत होते. "टाकी चारचा अहवाल आलाय. गढूळपणा यंत्राच्या मोजमापाबाहेर. आम्लता लोणच्यासारखी. तेल आणि ग्रीस विचारूच नका. मी वसाहतीचं पाणी बंद केलंय. चार वाजता इंजिनियर टाकी रिकामी करतायत. पाच लाख लिटर."

"वासाच्या रकान्यात काय लिहिलंय, साहेब?"

"तेच तर नवल. 'लसणाचा. आक्षेपार्ह नाही.'"

हा अहवाल तपासनीस गंभीररावांचा. प्रयोगशाळेत नमुना फक्त आकड्याने ओळखायचा, कुठला, कुणाचा, असला कसला हा, असं काही विचारायचं नाही, असा नियम आहे. गंभीरराव नियमाचे इतके पक्के की बाटलीतून घट्ट, पिवळसर, मोहरीचे दाणे असलेलं पाणी निघालं तरी त्यांनी भुवई उचलली नव्हती. हा नियम सहा वर्षांपूर्वी मिलीताईंनीच करून घेतला होता.

आता गप्प राहणं सोपं होतं. टाकी रिकामी होईल, पुन्हा भरेल, नवा नमुना शुद्ध निघेल आणि अठरा वर्षांवर डाग पडणार नाही. मिलीताईंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं. पाच लाख लिटर या आकड्याचा त्यांना त्रास होऊ लागला. त्याला कशानेही गुणलं तरी शून्य येत नव्हतं.

"काका, टाकीकडे चला."

"सॅलड?"

"राहू दे. नको, आणा. तो पुरावा आहे."

टाकीपाशी टँकरसाठी बादल्यांची रांग लागली होती. रांगेत सर्वांत पुढे सासूबाई होत्या. इंजिनियर झडपेशी बसले होते आणि साहेब फाइलने वारा घेत होते.

"बघ गं," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या खात्यात कुणीतरी मोठा घोळ घातलाय. त्याला सोडू नकोस."

"नाही सोडणार, आई," मिलीताई म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "साहेब, टाकी रिकामी करू नका. पाणी चांगलं आहे. तो नमुना टाकीचा नव्हता."

"मग कुठला होता?"

"माझ्या जेवणातला."

साहेबांनी अहवाल पाहिला, मिलीताईंकडे पाहिलं, परत अहवाल पाहिला. "तुम्ही हे खाता?"

"तीन आठवडे," काकांनी मदत केली. "रोज साठ मिली."

साहेबांनी खिशातून पेन काढून अहवालाच्या पाठीवर गुणाकार मांडला. त्यांना गुणाकार आवडायचा. "म्हणजे रोज सव्वीस ग्रॅम तेल, मॅडम."

"माझ्या फ्राइजची दोन पाकिटं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात खोडी नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं. अठरा वर्षं प्रत्येक थेंब मोजणाऱ्या बाईंनी या ड्रेसिंगचं माप तेवढं चोख ठेवलं होतं. त्यात काय आहे, हे मात्र हिरव्या पानाला विचारलं होतं.

झडप उघडली नाही. ताजा नमुना तिथेच सर्वांसमोर घेतला गेला, ओल्या बाटलीवर दोऱ्याने लेबल बांधून. संध्याकाळी सात वाजता पाणी सुटलं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पण रोज डबा पाठवला.

जुना अहवाल रद्द करता येईना. नियम होता, आणि तोही मिलीताईंचाच. शेवटी शेरा लिहून सही करावी लागली. वर गंभीररावांचा निष्कर्ष होता: 'नमुना मानवी सेवनास अयोग्य.' खाली मिलीताईंनी लिहिलं: 'मान्य.'

मग भिंतीवरचा तक्ता काढण्याआधी त्यांनी हिशेब एकदा प्रामाणिकपणे तपासला. तीन आठवड्यांत आरोग्याला खरोखर हितकारक असं त्यांचं बाहेरचं एकच जेवण निघालं: बुधवारचं, टाकी चारचं पाणी घातलेलं. आणि तेही त्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं, खाल्लं नव्हतं.