टी सोडली, वाय धरली

‘तथापि, उपलब्ध पुराव्यावरून याविषयी निश्चित विधान करणे उचित ठरणार नाही.’ हे वाक्य विश्वजितच्या प्रबंधात इतक्यांदा येई की, एके सकाळी त्याने ते कळफलकालाच जोडून टाकायचे ठरवले. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबले की सबंध वाक्य पडद्यावर हजर. कांद्याच्या घाऊक भावांवरचे त्याचे प्रकरण याआधी दोनदा परत आले होते. आणखी एकदा आले, तर नोंदणीच रद्द व्हायची होती.

वाशीच्या त्या घरात संगणक मात्र एकच होता, आणि त्याच्यावर त्याची बायको राजेश्वरी लग्नपत्रिका टाइप करून देई. तिच्या ‘तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे’ यालाही टीच हवी होती. जो सगळ्यात शेवटी कळ जोडील त्याचेच वाक्य उमटे; पंगतीला उशिरा येणाऱ्यालाच संगणक आधी वाढत असे.

“अहो, परत टी घेतलीत? मुहूर्ताच्या खाली काय उमटलंय बघा! निश्चित विधान करणे उचित नाही म्हणे. नवरीकडचे मला सोडतील का?”

“राजेश्वरी, आपण पद्धतशीर विचार करू.”

“तुम्ही करा. माझी आमटी उतू जातेय.”

त्याने केला. पत्नीसाठी टीचा त्याग करून तो शेजारच्या वायवर गेला. (त्याग बोलून दाखवू नये, म्हणून बोलला नाही.) दोन दिवसांनी हस्तलिखितावरची नजर न ढळू देता त्याने प्रकरण टाइप केले, छापले आणि मार्गदर्शक नंदिनी मॅडमकडे पोचते केले. हस्तलिखित इतके तपासले होते की, छापील प्रत तपासणे हा त्याला यंत्राचा अपमान वाटला.

त्याच रात्री जेवताना राजेश्वरी म्हणाली, “टी तुम्हाला सोडली हं मी. शिकणाऱ्या माणसाला कशाला त्रास? कालच शेजारी सरकले.”

“शेजारी म्हणजे?”

“वायवर.”

विश्वजितचा घास ताटात परतला. “तिथं माझं वाक्य होतं! संगणकानं सांगितलं नाही तुला?”

“सांगत होता काहीतरी बारीक इंग्रजीत. मी ओके म्हटलं.”

“म्हणजे प्रकरणभर…”

“बोलावलंय सगळ्यांना,” ती हळूच म्हणाली. “आमटी वाढू?”

काही दिवसांनी मॅडमचे बोलावणे आले. टेबलावर प्रकरण पडले होते. पानोपानी लाल शाई, तक्त्यांवर फुल्या, परिच्छेदांवर आडव्या रेघा. सहकुटुंब बोलावणे जिथे जिथे होते, तिथे मात्र शाईचा एक ठिपकाही नव्हता.

“मॅडम, ती चूक…”

“नोंदणी ठेवते. प्रकरण पुन्हा लिहा,” मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. “पण सबंध प्रकरणात मला कळलं ते एवढंच. हे वाक्य कुणाचं?”

“माझ्या पत्नीचं.”

“त्यांना विचारा, बाकीचंही लिहून देतील का.”