डोमाजींचं रिव्हॉल्वर आणि अकरा दसरे

"रिव्हॉल्वर साफ करावं तर डोमाजींनीच!" असं हिंगणीत स्वतः डोमाजीच सांगत. गावात रिव्हॉल्वर एकच आणि तेही त्यांचंच, त्यामुळे वाद घालायला कोणी येत नसे! उद्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी ते ठाण्यात दाखवायचं होतं. त्यावरचा नंबर परवान्याशी जुळला तर ठीक, नाहीतर रिव्हॉल्वर जमा! मग 'रिव्हॉल्वरवाले डोमाजी' यातलं उरणार काय? नुसते डोमाजी!

गोळ्या कपाटात कुलपात होत्या. डोमाजींनी ऐटीत रिकामं रिव्हॉल्वर हातात घेतलं, तर चक्री हलेना! अकरा दसरे त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी शस्त्रपूजेत त्याला तिळाचं तेल, हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या होत्या. आणि पूजेचं पुसू नये म्हणून डोमाजींनी ते कधी पुसलंच नव्हतं.

"काऊन नाई फिरून राह्यली वं हे?"

"देवाची वस्तू हाय, जोर नोका लावू!" सुलोचनाबाईंनी बजावलं.

शेजारचे नत्थूजी ट्रॅक्टर दुरुस्त करत. ते म्हणाले, "डिझेल टाका जी! मी इंजिनं डिझेलनंच धुतो."

डिझेल टाकलं. कुंकवाचा लाल चिखल झाला! मग पेंटच्या दुकानातल्या निकेशने थिनर दिलं. त्याने मुठीचं वार्निश असं सुटलं की खालचा पेपरच मुठीला चिकटला. आता रिव्हॉल्वरच्या मुठीवर 'वधू पाहिजे' हे स्पष्ट वाचता येत होतं!

"मामाजी, हे लावून पाहा," म्हणत सून आचलने नेलपॉलिश काढायची बाटली आणून दिली.

डोमाजींचं डोकं गरगरलं. वासाने की सल्ल्यांनी, तेच कळेना! तिन्ही बाटल्या एकसारख्या दिसू लागल्या. तिकडे सुलोचनाबाईंनी स्वयंपाकच बंद केला. "घरात माचीस ओढाची सोय नाई ठेवली! आज चिवडा खा!"

शेवटी कशाने कोण जाणे, चक्री फिरली. आतून अक्षतांचे दाणे टपटप पडले. डोमाजींनी जुन्या दातब्रशने रिव्हॉल्वर इतकं घासलं की त्यात त्यांना स्वतःची मिशी दिसली!

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको ठाण्यात गेले. हवालदारांनी चष्मा वर केला, खाली केला.

"डोमाजी, याचा नंबर कुठी गेला?"

"असा कसा जाईन सायेब? मागच्या टायमाले तुमीच वाचला ना!"

नंबर मुळातच झिजलेला. आकड्यांत कुंकू बसलं होतं, म्हणून तर तो मागच्या वेळी लालबुंद उठून दिसला होता! आता कुंकू नाही, तर नंबरही नाही.

"मंग जमा करा लागते."

डोमाजींना घाम फुटला. सुलोचनाबाईंनी मात्र शांतपणे पिशवीतून कुंकवाची डबी काढली, बोटाने नंबराच्या जागी कुंकू चोळलं आणि पदराने वरवर पुसलं. सगळे आकडे दिसले!

"जुळला!" हवालदार हसले आणि फॉर्म भरू लागले. शेवटच्या रकान्यात 'शस्त्राची देखभाल कोण करतं?' असं विचारलं होतं. डोमाजींनी नाव सांगायला तोंड उघडलं.

तोवर हवालदारांनी लिहून टाकलं होतं : सुलोचनाबाई.