परतीचा रकाना

मैनोद्दीन चाचा माणसांना बस समजत.

थट्टा करत नाही. बसस्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढून ते निवृत्त झाले, आणि तिथली सवय त्यांनी कळमनुरीतल्या आमच्या गल्लीला लावली. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. दारात लोखंडी खुर्ची, मांडीवर लांबट वही, कानावर पेन. मी शाळेला जायला मोटारसायकल काढली की खुर्चीतून खणखणीत आवाज यायचा, "राठोड सर, डोंगरकडा, सुटले! नऊ बावीस. सात मिनिटं लेट. काहून?"

त्या 'काहून'ला उत्तर द्यावंच लागे.

"डबा व्हायचा होता, चाचा."

"मंग लेट वहिनीच्या नावावर टाकतो." आणि टाकत.

बायको पिशवी घेऊन निघाली की "वहिनी, गिरणीमार्गे बाजार, सुटल्या!" मुलगी पूजा संध्याकाळी सायकलवरून स्टँडजवळच्या क्लासला निघाली की "नांदेड जलद!" स्वतःलाही सोडत नसत. शुक्रवारी टोपी घालून उठले की आधी वहीत लिहीत, मग रिकाम्या खुर्चीकडे बघून पुकारत, "मैनोद्दीन, विनाथांबा मशीद." येताना मात्र सगळे थांबे घेत. पानपट्टी, सलून, कांबळे मावशींचा ओटा. मावशी म्हणायच्या, "आली का खटारा गाडी?" चाचा म्हणायचे, "आली, पन बराबर टायमाला."

गल्ली हसायची. मीही हसायचो. पण ती वही मला कधी आवडली नाही. कुणीतरी आपलं जाणं-येणं लिहून ठेवतंय, ही गोष्ट डासासारखी कानाशी गुणगुणायची.

मग दूरच्या एका शहरात हल्ला झाला. भर बाजारात, खरेदीला आलेली साधी माणसं मारली गेली. चार दिवस आमच्या घरचा टीव्ही बंद झाला नाही. पाचव्या दिवशी मी चाचांच्या खुर्चीपाशी गाडी थांबवली.

"काय चाचा, तुमचं काय म्हणणं याच्यावर?"

'तुमचं' या शब्दावर मी जोर दिला होता. तो त्यांना ऐकू आला. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सर, मानसं घरून निघाली आन घरी पोचली न्हाईत," ते म्हणाले. "याच्यावर काय म्हनायचं?"

मला वाटलं, टाळलं. दोन वाक्यांत कसं भागतं? शिव्या द्यायला हव्या होत्या, छाती बडवायला हवी होती. कांबळे मावशींना मी त्यांचं म्हणणं विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही. फक्त चाचांनाच विचारलं होतं, आणि त्यांचं उत्तर मला कमी पडलं होतं.

त्यानंतर मी खिडकीतून बघायला लागलो. चाचांनी खुर्ची उलटी फिरवली. काहून? (ऊन आलं होतं.) दोन अनोळखी माणसं मोठं खोकं घेऊन आत गेली, तासाभरानं हात झटकत बाहेर आली. (कूलरची मोटर.) चाचा फोनवर बोलताना आवाज खाली आणत. (जावयाशी सगळेच आणतात.) ही कंसातली उत्तरं मला नंतर कळली. तेव्हा माझ्याकडे नुसते प्रश्न होते, आणि खरं सांगायचं तर उत्तरं मी शोधतही नव्हतो.

एका रविवारी त्यांनी मला चहाला बसवलं आणि ते कप आणायला आत गेले. वही खुर्चीवरच होती. मी उघडली. उर्दूत असती तर संशय घ्यायला सोपं गेलं असतं; पण होती सरळ, सरकारी वळणाच्या मराठीत. निघाले, परत, शेरा असे तीन रकाने. पानापानावर माझं नाव आणि नावापुढे लाल शून्य. खाली पूजाचं नाव. रोज. निघाली सहा दहा, परत सात चाळीस. माझ्या लेकराचं सगळं वेळापत्रक! मी मोबाईलवर फोटो काढला. चहा प्यायलो. चहात त्यांनी माझ्यासाठी आलं जास्त घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर आलो आणि संध्याकाळी बाजाराची पिशवी घेऊन निघालो. "राठोड सर, बाजार, सुटले! चार दहा." गल्लीतून बाहेर पडलं की बाजार डावीकडे आणि पोलीस ठाणं उजवीकडे. मी उजवीकडे वळलो. पाठीमागून 'काहून' आलं नाही.

मी बंजारा तांड्यावर वाढलो. आसपासच्या गावांत कुठंही चोरी झाली की जीप आधी आमच्या तांड्यावर यायची. आजोबांना कितीदा तरी नुसतं कोण आहेत त्यावरून नेलं. हे मी दरवर्षी वर्गात पोरांना सांगतो. त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही, असं नाही. आठवलं, आणि तरी मी आत गेलो. वहीचा फोटो दिला, नाव गुप्त ठेवा म्हणालो. येताना मागच्या बोळातून घरी आलो.

सकाळी जीप आली. शाळेला सुटी टाकून मी पडद्याआड. जमादारांनी वही मागितली. चाचांनी कानावरचं पेन काढला, म्हणाले, "एक मिंट साहेब," आणि लिहिता लिहिता सवयीनं पुकारलं, "जीप लागली, अकरा चौदा." मग दोन्ही हातांनी वही दिली. कुणीच हसलं नाही.

त्या दिवसापासून खुर्ची आत गेली. मी वेळेवर निघालो काय, उशिरा निघालो काय, कुणी विचारेना. गल्ली घड्याळ काढून नेलेल्या भिंतीसारखी दिसायची.

दहाव्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. जमादार हसत होते. "सर, त्या लाल शून्याचं म्हाताऱ्याला विचारलं. हेल्मेट न्हाई म्हनून शून्य, म्हने. आता तुमालाच दंड करावा वाटून राहिला." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "काय बी न्हाई याच्यात. तुमच्याच गल्लीतली हाय, जाता जाता देऊन टाका."

ओढ्याच्या पुलावर गाडी लावली आणि मी वही वाचली. या वेळी शेऱ्याचा रकानाही वाचला.

'कांबळे मावशी आज बाहेर नाहीत. विचारावे.'

'पूजा, वेळ सात चाळीस. आली नाही. स्टँडवर गेलो. सायकल पंक्चर. आठ पन्नासला आली. गल्लीपर्यंत मागे मागे आलो. सरांना सांगू नये, घाबरतील.'

पहिल्या पानावर एकच ओळ होती, शाई नवी आणि तारीख जुनी. प्रत्येक नव्या वहीत उतरवून घेत असावेत. 'बेगम. नांदेड, दवाखाना. निघाली अकरा वीस.' परतीचा रकाना कोरा.

शेवटच्या पानावर, जीपच्या नोंदीच्या थोडी वर, माझी नोंद. 'राठोड सर. निघाले चार दहा. पिशवी बाजाराची, वळले उजवीकडे.' शेरा : 'काळजीत दिसतात. दोन दिवस टोकू नये.' आणि परतीचा रकाना कोरा. बोळातून आलो होतो ना.

चाचांच्या घरात खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. बसलो नाही.

"चाचा, ठाण्यात मी गेलो होतो. फोटो मी दिला."

"ठावं हाय," ते म्हणाले. "बाजार डावीकडं हाय, सर."

"मग गल्लीत कुणाला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? गाडी चुकीच्या रस्त्यानं गेली म्हनून स्टँडवर बोंब मारायची नसती. वाट बघायची असती."

मला माफी मागायची होती. वाक्य पुलापासून घोकत आलो होतो. पण चाचांनी चष्मा लावून वही उघडली, बोट फिरवत माझ्या ओळीवर आणलं आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"परत," ते हळूच म्हणाले, पुकारल्यासारखं नाही, "पाच पस्तीस." कोऱ्या रकान्यात तसं लिहिलं.

मग पेन शेऱ्यावर आलं. तिथं बराच वेळ थांबलं.

त्यांनी काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि खुर्चीच्या एका बाजूला हात घातला.

"दुसरीकडून धरा, सर," म्हणाले. "भायेर न्यायची हाय."